गंज काढा, खुणा ठेवा

सदर : रविवारची हत्यारपेटी

मंडळी, गेल्या अंकात आपण पितळी समईची काजळी काढली आणि त्यानंतर तुमच्याकडून फोटोंचा पाऊस पडला. अडकित्ते आले, मोडक्या पात्याच्या विळ्या आल्या, पानाचा डबा आला. आणि बालाघाटच्याच एका घरातून आली गोल्फची काठी. दाराच्या मागे वर्षानुवर्षं उभी असलेली, डोक्यावर तांबडा गंज चढलेली. गोल्फच्या भाषेत तिला पटर म्हणतात.

‘आपला नि गोल्फचा काय संबंध?’ असं काही जण म्हणतील. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. आधी तो सांगतो, मग हात काळे करू.

पिशवीतली सगळ्यात साधी काठी

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. बहुतेक सगळ्या चेंडू लांब मारायला. पटरचं काम वेगळं. चेंडू खड्ड्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचला की त्याला हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचं, एवढंच. पण हिशोब करून बघा. नेहमीच्या १८ खड्ड्यांच्या मैदानात ७२ फटके धरलेले असतात आणि प्रत्येक खड्ड्यासाठी त्यातले दोन पटरचे. म्हणजे ३६. अर्धा खेळ या एका काठीचा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्या अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं आणि ती चौथी आली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता तेही पहाटे उठून तिचे पट मोजत होते.

आता बालाघाटचा संबंध. कार्स्टन सोलहाइम नावाचा एक इंजिनियर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करायचा. जन्म नॉर्वेचा, तरुणपणी बूट दुरुस्तीचं काम केलेलं. गोल्फ खेळायला उशिरा लागला आणि पट नीट बसेनात, म्हणून १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःच पटर बनवला. चेंडूला लागला की ‘पिंग’ असा आवाज यायचा. तेच पुढे कंपनीचं नाव झालं. १९६६ मध्ये त्याला आणखी एक आकार सुचला, तो त्याने हाताशी असलेल्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर काढून ठेवला. पत्नी लुईसने नाव सुचवलं ‘आन्सर’. पूर्ण स्पेलिंग पटरवर मावेना, तेव्हा एक अक्षर गाळा म्हणून तोडगाही तिनेच काढला. टायगर वुड्सने ज्या पटरने आपल्या बहुतेक मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याचा आकारही याच घराण्यातला.

सुरुवातीचे आन्सर ज्या धातूचे ओतले गेले, त्याचं नाव मँगनीज ब्राँझ. नाव ब्राँझ असलं तरी तो पितळेचाच दणकट भाऊ. तांबं आणि जस्त मुख्य, त्यात थोडं मँगनीज, थोडं लोखंड, थोडं ॲल्युमिनियम. जहाजांचे पंखे याच जातीच्या धातूचे करतात. आणि तांबं व मँगनीज हे दोन्ही ज्या एका जिल्ह्याच्या पोटात आहेत, तो आपला. मलाजखंडला तांबं, भरवेली, उकवा आणि तिरोडीला मँगनीज. आपल्यापैकी किती घरांत आजोबा, काका किंवा मामा ‘मॉइल’मध्ये होते ते तुम्हीच मोजा. ही कंपनी १९६२ मध्ये झाली, पण या पट्ट्यातलं खोदकाम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं.

ब्राँझ सोडा, साध्या पोलादालाही मँगनीज लागतंच. १८५६ च्या सुमारास बेसेमरने पोलाद झटपट करायची भट्टी शोधली खरी, पण त्यातून निघणारं पोलाद घणाखाली तडकायचं. रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीज असलेलं कच्चं लोखंड मिसळलं आणि अडचण सुटली. गंधक आणि प्राणवायू पोलादाला ठिसूळ करतात. मँगनीज त्यांना स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून जगात निघणाऱ्या मँगनीजचा मोठा वाटा आजही पोलादातच जातो. दारामागचा पटर असो की स्वयंपाकघरातली विळी, थोडं मँगनीज त्यात असणारच. तेव्हा मंडळी, ही वस्तू परकी नाही.

पहिलं काम : ओळख पटवणं

फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि पटरच्या डोक्याला लावा.

चिकटलं आणि रंग मातकट किंवा तांबडा असेल, तर ते साधं पोलाद. चिकटलं आणि आरशासारखी निळसर चमक असेल, मध्येमध्ये फोड किंवा पापुद्रे असतील, तर पोलादावर क्रोमचा मुलामा आहे. चिकटलं नाही आणि रंग पिवळसर तपकिरी असेल, तर ब्राँझ किंवा पितळ. चिकटलं नाही, रंग पांढरा आणि वस्तू जड, तर बहुधा स्टेनलेस. मात्र काही जातीचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं, त्यामुळे गंज अजिबात नसेल तर घाईने निष्कर्ष काढू नका. काठीसुद्धा बघा. लाकडी असेल तर ती खूप जुनी असण्याची शक्यता आहे, कारण पोलादी दांड्यांना स्कॉटलंडच्या नियमकर्त्यांनी १९२९ मध्ये परवानगी दिली आणि त्यानंतर लाकूड झपाट्याने मागे पडलं. अशी काठी पाण्यात बुडवायची नाही.

ही ओळख एवढी महत्त्वाची का? कारण एका धातूचं औषध दुसऱ्याला विष आहे. साध्या पोलादाचा गंज व्हिनेगर छान काढतं, पण तेच फुटलेल्या क्रोमच्या फटीत शिरलं की मुलामा आतून सुटतो. पितळ आणि ब्राँझ लिंबू-मिठात तासन्‌तास ठेवलं तर जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग राहतात. आपल्या आज्या चिंच लावून पाच मिनिटांत भांडं धुवून टाकायच्या, त्यामागे शहाणपण होतं.

दुसरं काम : फोटो

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडला हात लावण्याआधी बॅकअप घेतो. इथेही तेच. समोरून, मागून, तळातून, अक्षरांचे जवळून, मुठीचे वरून असे आठ-दहा फोटो काढा. कारण कॉम्प्युटरवर ‘अन-डू’ असतं, पॉलिश पेपरला नसतं. घासून गेलेलं अक्षर परत येत नाही. सुरुवातीच्या आन्सरवर स्कॉट्सडेल या गावाचं नाव कोरलेलं असायचं, आणि संग्राहक आजही नेमकं तेच नाव शोधतात. ते घासून गुळगुळीत केलं, तर हातात एक चकचकीत आणि निनावी तुकडा उरतो.

तिसरं काम : गंज उतरवणं

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. तांब्याचा थर मात्र अंगाला चिकटून बसतो आणि खालच्या धातूचं रक्षणच करतो. म्हणून लोखंडावरचा गंज काढायचाच, पण ब्राँझवरचा तपकिरी रंग काढायचा की नाही हा आवडीचा प्रश्न.

आधी कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. निम्मी घाण तिथेच जाते. मग कोरडं करून शिलाई मशीनचं तेल लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोलगोल फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, त्यामुळे मुलाम्याला ओरखडा न पाडता वरचे तांबडे ठिपके निघतात. पोलादी दांड्यालाही हाच उपाय. क्रोमच्या वस्तूचं काम इथेच संपतं. त्यावर पॉलिश पेपर चालवायचा नाही.

साध्या पोलादावर गंज खोल असेल तर पांढरं व्हिनेगर. भांड्यात फक्त डोकं बुडेल एवढंच घ्या, दांडा जिथे बसवला आहे तो सांधा वर राहू द्या. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून ब्रश मारा. बहुतेक वेळा दोन-तीन तास पुरतात. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, धुवा आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवून तेलाचा हात फिरवा. ‘लगेच’ म्हणजे खरंच लगेच. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडं पोलाद चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस होतं.

संडास साफ करायचं ॲसिड मात्र अजिबात नको. ते क्रोम खातं, त्याची वाफ शेजारची इतर हत्यारंही गंजवते आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, जो जीवावर बेतू शकतो. ग्राइंडरही बाजूला ठेवा. मुलाम्याची धूळ फुप्फुसात जाण्याइतकी कुठलीही काठी मोलाची नाही. घरात लहान मुलं मदतीला असतील, आणि असावीतच, तर त्यांना साबण, ब्रश आणि फॉइलचं काम द्या.

चौथं काम : चेहऱ्याला जपणं

पटरची जी बाजू चेंडूला लागते तिला चेहरा म्हणतात. इथे थोडं गणित करू. खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मधोमधपासून कड ५४ मिलिमीटरवर. चेंडू खड्ड्यापासून ३ मीटरवर आहे. तो फक्त १ अंश वाकडा निघाला, तर खड्ड्यापाशी पोचेपर्यंत ५२ मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे अगदी कडेवर. चेंडूची दिशा मुख्यत्वे चेहरा ठरवतो. मग पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून चेहऱ्याची एक बाजू जास्त घासली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

हे इतिहासात घडलं आहे. बॉबी जोन्स हा १९२० च्या दशकातला अमेरिकेचा मोठा खेळाडू. त्याच्या पटरचं नाव ‘कॅलॅमिटी जेन’. त्या काळी लोखंडी काठ्या गंजायच्या आणि खेळ झाला की त्या पॉलिश पेपरने घासून ठेवायची पद्धत होती. घासून घासून कॅलॅमिटी जेनचा चेहरा असमान झाला. शेवटी जोन्सने तशीच दुसरी बनवून घेतली आणि १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या या दुसरीने. पहिली काठी गंजाने गेली नाही, स्वच्छतेने गेली.

म्हणून चेहऱ्यावर फक्त गंज काढा, त्यापुढे जाऊ नका. घासायचंच असेल तर टेबलावर जाड सपाट काच ठेवा, तिच्यावर ८०० नंबरचा पाणपेपर पसरा, दोन थेंब तेल टाका आणि पटरचा चेहरा त्यावर टेकवून एकाच दिशेने चार-पाच वेळा ओढा. काच सपाट असल्याने चेहरा सपाट राहतो. बाकीच्या अंगावर ४००, ८००, १२०० असा क्रम चालेल, तोही अक्षरं टाळून.

पाचवं काम : रंग आणि रक्षण

सगळ्यात साधं म्हणजे मशीनचं तेल किंवा गाडीला लावतात ते मेण, महिन्यातून एकदा. खोबरेल लावू नका, काही दिवसांनी ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

काळपट जुना रंग हवा असेल तर आपल्या भागातलं जवसाचं तेल आहे. साध्या पोलादावर अगदी पातळ थर लावायचा, जादाचा पुसून टाकायचा आणि काही दिवस हवेत वाळू द्यायचा. हवेतला प्राणवायू घेऊन हे तेल घट्ट होतं. तव्यावर तेलाचा जो काळा न चिकटणारा थर बसतो, ती याचीच गरम आवृत्ती. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं असं कोणी म्हणू नये. पण एक धोका लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं, तर वाळताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. फडकं पाण्यात भिजवा आणि अंगणात पसरून वाळवा.

पटरचं डोकं गॅसवर तापवून निळं करायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रंग सुंदर येतो, खरं आहे. पण डोकं आणि दांडा अनेकदा इपॉक्सीने जोडलेले असतात आणि उष्णतेने ती मऊ पडते. डोकं वेगळं केल्याशिवाय तो प्रयोग नको, आणि वेगळं करायचं काम जाणकाराचं.

अक्षरांत आधी रंग होता, याची खूण खोबणीत दिसत असेल तरच तो पुन्हा भरा. इनॅमल किंवा सरळ नेलपेंट काडीने भरा, वाळू द्या आणि सपाट खोडरबरावर कापड गुंडाळून, त्यावर नेलपेंट रिमूव्हरचे दोन थेंब घेऊन वरवर पुसा. खोबणीतला रंग राहतो, बाहेरचा जातो.

सहावं काम, आणि एका घरातला वाद

राहिली मूठ. पटरची मूठ बहुतेक वेळा पुढून सपाट असते, अंगठे टेकायला. ती सपाट बाजू चेहऱ्याशी अचूक जुळलेली असावी लागते. जुनी रबरी मूठ धारदार पात्याने, पातं अंगापासून दूर नेत कापायची, दांड्यावर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, टर्पेंटाइनने ती ओली करायची आणि नवी मूठ सरकवायची. दहा मिनिटांचं काम. जवळ देवापुढचा दिवा किंवा गॅस पेटलेला नको.

पण दारामागच्या त्या काठीबाबत हे दहा मिनिटांचं काम तीन दिवस अडलं. ही हकिकत त्या कुटुंबाच्या परवानगीने सांगतो. काका लष्करात होते, जबलपूरला असताना खेळायला शिकले. निवृत्त होऊन बालाघाटला आले, इथे मैदान कुठलं? मग ते ओसरीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून रोज संध्याकाळी पट मारायचे. ते जाऊन काही वर्षं झाली. मुलगा हैदराबादला आहे. त्याला काठी नवा क्रोम चढवून, नवी मूठ घालून, काचेच्या कपाटात ठेवायची होती. नातीला, वय वर्षं अकरा, ती खेळायला हवी होती. काकू गप्प होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी बालाघाटला होतो, तर काठी बघायला गेलो. चुंबक चिकटलं, मुलामा नव्हता, साधं पोलाद. डोक्याचा गंज एका दुपारी निघाला. मुठीवर मात्र डाव्या-उजव्या अंगठ्यांच्या दोन खोल खुणा होत्या आणि रबर कडक झालेलं. दादा म्हणाले, “ही बदलूच, हातातून सटकेल.” तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या. “बाबू, लोखंड चमकव तुला पायजे तेवढं. मूठ नको बदलू.”

दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कडक मूठ खेळायला वाईट. काकूंचं तर नव्हतंच. मध्यम मार्ग असतो. सुईने आत थोडं टर्पेंटाइन सोडून मूठ न कापता अख्खी उतरवता येते आणि जपून ठेवता येते. मी तो सांगितला. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उतरवलेली मूठ मी कुठं ठेवू? डब्यात?” त्यानंतर कोणी काही बोललं नाही. नातीने काठी हातात घेतली, अंगठे त्या खुणांत ठेवून पाहिले. खुणा तिला मोठ्या होत होत्या. ती म्हणाली, सटकत नाहीये. विषय मिटला. मूठ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली, एवढंच. क्रोमही चढवला नाही.

कोणतीही जुनी वस्तू हातात घेतली की हे तीन पक्ष तुमच्याही घरात उभे राहणार. एकाला ती नव्यासारखी हवी, एकाला वापरायला हवी, एकाला आहे तशीच हवी. कुठला पॉलिश पेपर घ्यायचा ते मी सांगू शकतो. या तिघांना आधी एकत्र बसवायचं काम तुमचं. आणि ते घासण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. गंज ही हवेने केलेली खूण आहे, ती काढावी. झीज ही माणसाने केलेली खूण आहे, ती विचारल्याशिवाय काढू नये. विळीच्या पाटावरचा पायाचा खोलगट भाग, अडकित्त्याच्या दांड्यावरची बोटांची चकाकी, आजोबांच्या खाणीतल्या हातोडीच्या दांड्याचा काळेपणा, सगळ्यांना हाच नियम लागतो.

या रविवारी एवढंच करा. घरातली एक गंजकी वस्तू शोधा, चुंबक लावा, फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, ही कोणाची होती. तेल-फॉइल पुढच्या रविवारी. वस्तूचा फोटो आणि मिळालेलं उत्तर, दोन्ही मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकात विळीच्या पात्याला धार. बोटं सांभाळा.